लाजाळूचे संकेत आवाजात ऐकण्यासाठी बिनतारी डबी: जोडणी केली, पण काही ठिकाणी अडलंय

करीरोडची_माळीण
७ जून, रात्री ११.१०

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, नुसता फोटो टाकून भागणार नाही.

माझे मामा लालबागला राहतात. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तोपर्यंत ते गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते. चाळीच्या जागी टॉवर उभा राहिला आणि आता चौदाव्या मजल्यावर, खिडकीच्या ग्रीलमध्ये त्यांच्या एकवीस कुंड्या आहेत. काचबिंदूमुळे त्यांची कडेची नजर गेली आहे आणि मधलंही धुरकट दिसतं. साच्यांच्या खडखडाटात उमेदीची वर्षं गेल्यामुळे बारीक, चिरके आवाज त्यांना येत नाहीत. मोबाइलची बीप कळत नाही, पण जिन्यावर कोण चढतंय ते पावलांवरून सांगतात.

गेल्या महिन्यात लाजाळूवर बोट फिरवून मला म्हणाले, "मिटला काय गो? माका दिसत नाय." त्याच रात्री ठरवलं की हे पान मिटतं ते त्यांना ऐकू आलं पाहिजे.

मी ऑफिसात प्रोग्रामिंग करते, म्हणून फोनवरचं ॲप लिहिणं जमलं. सर्किट मात्र आयुष्यात पहिल्यांदा केलं. आत्ताची जोडणी अशी: लाजाळूच्या देठात स्टीलची टाचणी, मातीत तांब्याची तार. दोन्ही तारा आयएनए ३३३ या वर्धकाला, शंभरपट वाढवून. तिथून एडीएस १११५ (विजेच्या दाबाचे आकडे करणारी चिप), मग ईएसपी ३२ (ब्लूटूथ असलेला छोटा संगणक-बोर्ड). सगळं एका १८६५० या लिथियम सेलवर. सेकंदाला दहा मोजमापं ब्लूटूथने फोनवर जातात, फोन त्यांचा सूर करतो आणि वाव्ह फाइलही जपून ठेवतो.

अडचणी:
एक, सूर बहुतेक वेळ वरच्या टोकाला चिकटून बसतो, हलतच नाही.
दोन, घरातल्या विजेची घुंईऽऽ कमी व्हावी म्हणून सगळं मामींच्या जुन्या स्टीलच्या मसाल्याच्या डब्यात बसवलं, तर ब्लूटूथच गायब.
तीन ही अडचण नाही, पण सांगायलाच हवं. टाचणी जरा सैल केल्यावर सूर टोकावरून सुटला, तेव्हा रात्रभर रेकॉर्डिंग केलं. त्यात एक संथ लाट आहे. चाळीस-पन्नास सेकंदांत वर जाते, खाली येते. आठ तासांची २,८८,००० मोजमापं सेकंदाला ८,००० या वेगाने वाजवली, म्हणजे अख्खी रात्र ३६ सेकंदांत. खोल, घुमल्यासारखा आवाज येतो. मामांनी तो तीनदा ऐकला. झाडाचा श्वास असावा असं वाटलं आम्हाला.

जाणकारांनी कृपया मार्ग दाखवावा.

---

लॅमिंग्टन_फेरी
८ जून, सकाळी ७.५०

ताई, पहिल्या दोनची उत्तरं सोपी आहेत.

स्टील आणि तांबं, मध्ये ओल. ही बॅटरीच झाली, शाळेत लिंबात खिळा आणि तांब्याची पट्टी खोचायचो तशी. दोन वेगळ्या धातूंमुळे शेकडो मिलिव्होल्ट आपोआप तयार होतात. त्याला तुम्ही शंभरने गुणलंत, तर वर्धक टोकाला जाऊन बसणारच. दोन्ही टोकांना एकच धातू घ्या आणि वाढ दहापट ठेवा. आयएनए ३३३ ला वाढ ठरवणारा रोध (रेझिस्टर) ११ किलोओहमचा लावलात की साधारण दहापट होते. एडीएस १११५ सर्वांत बारीक पट्ट्यावर ७.८ मायक्रोव्होल्टपर्यंत फरक ओळखतं, त्यामुळे आणखी वाढवायची गरजच नाही. वर्धक घ्यायचा तो वाढीसाठी कमी आणि झाडावर भार पडू नये म्हणून जास्त.

डब्याचं: पत्र्याचा बंद डबा बाहेरची घुंई अडवतो तशा रेडिओलहरीही अडवतो. वर्धक आणि एडीएस स्टीलच्या छोट्या डबीत ठेवा, ईएसपी बाहेर प्लास्टिकच्या डब्यात. झाडापासून डबीपर्यंतची तार वीतभरच ठेवा आणि साधी वायर नको, माईकची जाळीवाली केबल घ्या. ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोडवर मीटरवर मिळते.

---

पानफुटी
८ जून, दुपारी ३.२०

मी तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं, त्यामुळे राहवत नाही. टाचणी काढा. टोचलं की झाड जखमेचे संकेत पाठवत राहतं, आणि तुम्हाला तर स्पर्शाचा संकेत हवा आहे.

सोनाराकडून चोख चांदीची बारीक तार घ्या, दागिन्याची नको, त्यात भेसळ असते. दोन तुकडे करा आणि फरशी पुसायच्या साध्या ब्लीचमध्ये बुडवून ठेवा. चांदीवर करडा-जांभळट थर चढतो, तो चांदीच्या क्लोराइडचा. असं टोक बराच वेळ स्थिर राहतं. मग नीट धुवा, देठाभोवती एक सैल वेढा द्या आणि ईसीजीला लावतात त्या जेलचा ठिपका ठेवा. दुसरं टोक ओल्या मातीत. ईसीजीचे चिकट पॅड लाजाळूच्या देठाला झेपत नाहीत, मनी प्लांटसारख्या रुंद पानाला चालतात.

आता तुम्ही नेमकं काय ऐकणार आहात ते. लाजाळूला स्पर्श झाला की पेशींच्या पडद्यातून कॅल्शियम, क्लोराइड, पोटॅशियमची ये-जा होते आणि विजेचा एक ठोका देठातून पुढे सरकतो, सेकंदाला साधारण दोन-तीन सेंटिमीटर. आपल्या मज्जातंतूंपुढे हे फारच सावकाश आहे. ठोका पानाच्या बुडाशी असलेल्या फुगीर सांध्याला पोचला की तिथल्या पेशींतलं पाणी बाहेर पडतं आणि पान खाली येतं. १८७३ मध्ये बर्डन-सँडरसनने माशा पकडणाऱ्या झाडावर असा ठोका पहिल्यांदा मोजला. आपल्याकडे जगदीशचंद्र बोस यांनी लाजाळूवर वर्षानुवर्षं काम केलं. ज्या माणसाने १८९५ मध्ये कोलकात्यात बिनतारी लहरी भिंतीपलीकडे पाठवून दाखवल्या, तोच पुढे झाडांच्या विजेकडे वळला. तुमच्या डबीत त्याची ही दोन्ही कामं एकत्र आली आहेत याचा मला फार आनंद झाला.

लाटेबद्दल मी काही बोलत नाही. मला ती ओळखीची वाटत नाही.

---

आवाजघर
९ जून, रात्री १२.३५

मी साउंड रेकॉर्डिस्ट आहे. माळीणताई, एक विनंती. ती लाट झाडाची मानण्याआधी भांडी घासायचा नवा स्पंज मिठाच्या पाण्यात भिजवून दोन्ही टोकं त्याला जोडा. बाकी सगळं तसंच, तीच जागा, तोच फोन. रात्रभर रेकॉर्ड करा.

---

करीरोडची_माळीण
१० जून, सकाळी ६.१५

स्पंजवरही तीच लाट आली. चाळीस-पन्नास सेकंदांचीच.

मामांना अजून सांगितलेलं नाही. तिसऱ्यांदा ऐकताना त्यांनी डोळे मिटून मान हलवली होती.

---

आवाजघर
१० जून, सकाळी ९.००

सांगा त्यांना. सविस्तर लिहितो, म्हणजे त्यांना समजावता येईल.

घरातली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते आणि भिंतीतल्या वायरींतून ती झाड, स्पंज, तुमचा हात, सगळ्यांवर थोडी थोडी उतरते. तुमची डबी सेकंदाला दहा वेळा मोजते. पन्नास ही दहाची बरोबर पाचपट, म्हणून प्रत्येक वेळी तुम्ही हेलकाव्याच्या जवळपास त्याच जागी डोकावता. वीज नेमकी पन्नासवर असती तर सरळ रेष आली असती. पण ती पन्नासच्या किंचित खाली-वर होत असते. ५०.०२ झाली की प्रत्येक मोजमापाला जागा तसूभर सरकते आणि बरोबर पन्नास सेकंदांची संथ लाट तयार होते. ट्यूबलाइटखाली पंख्याचं पातं उलटं, हळूहळू फिरताना दिसतं, तोच प्रकार. तुम्ही रात्रभर जे ऐकलंत तो विजेच्या जाळ्याचा चढउतार होता.

उपाय दोन, आणि दोन्ही करा.

वर्धक आणि एडीएसच्या मध्ये १० किलोओहमचा रोध आणि १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसवा. १.६ हर्ट्झच्या वरचं दबतं, पन्नासचा हेलकावा तिसाव्या हिश्श्यावर येतो. लाजाळूचा ठोका काही सेकंदांचा असतो, तो यातून सुखरूप जातो.

आणि प्रोग्राममध्ये सेकंदाला ५०० मोजमापं घ्या. एडीएस १११५ ला ८६० पर्यंत झेपतात. दर पन्नास मोजमापांची सरासरी काढा, म्हणजे दहाच आकडे उरतील. प्रत्येक सरासरीत विजेचे बरोबर पाच पूर्ण हेलकावे येतात आणि त्यांची बेरीज शून्य होते.

चार्जर लावून रेकॉर्डिंग कधीही करू नका, सेलवरच चालवा. आणि स्पंज जपून ठेवा. काहीही बदललंत की आधी स्पंज, मग झाड.

---

खारघरचा_पाऊस
१० जून, रात्री ९.४०

फार छान धागा. एक शंका. प्लांटवेव्हसारखी तयार उपकरणं मिळतात, पानाला दोन पॅड लावले की फोनवर सुरेख संगीत सुरू होतं. तेच का नाही घेतलं? त्यात तर घुंई नसते.

---

लॅमिंग्टन_फेरी
१० जून, रात्री १०.२०

त्या उपकरणांचं मोजणं वेगळं आहे. ती पानातून अगदी थोडा प्रवाह पाठवतात आणि वाहकता किती बदलते ते बघतात. ५५५ टायमरच्या चिपवर घरी करतात त्या जोडण्याही त्याच जातीच्या. पान ओलं झालं, पॅड सरकला, वाऱ्याने हललं की वाहकता बदलते, आणि बदलाला कुठला सूर द्यायचा हे ॲपने आधीच ठरवलेलं असतं. कुठल्याही बदलाला गोडच सूर मिळतो, म्हणून ऐकायला छान वाटतं. घरात झाडांजवळ बसून ऐकायला मला ते आवडतंही. पण ताईंना पान मिटल्याची खूण हवी आहे. त्यासाठी झाडाचा स्वतःचा विद्युतदाब मोजावा लागतो.

---

गच्चीवरची_मिरची
११ जून, सकाळी ११.०५

झाडं आवाज करतात असं वाचलं होतं, टोमॅटोवर प्रयोग झाला होता ना? मग सरळ माईक लावला तर?

---

पानफुटी
११ जून, दुपारी १.३०

तो २०२३ चा तेल अवीव विद्यापीठाचा अभ्यास. तहानलेल्या किंवा छाटलेल्या टोमॅटो आणि तंबाखूच्या झाडांतून टिचक्यांसारखे आवाज येतात, तहानलेल्या टोमॅटोतून तासाला साधारण पस्तीस, निरोगी झाडातून तासाला सरासरी एकाहूनही कमी. पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांत बुडबुडे फुटतात त्याचे ते असावेत. पण ते ४० ते ८० किलोहर्ट्झचे. माणसाला २० च्या वर ऐकू येत नाही आणि फोनचा माईकही तिथवर पोचत नाही. त्याला वेगळा माईक लागतो. हा विषय निराळा आहे, स्वतंत्र धागा काढलात तर मी नक्की लिहीन.

१९६६ मध्ये बॅक्स्टर नावाच्या माणसाने ड्रसीना या शोभेच्या झाडाला खोटं पकडण्याचं यंत्र जोडलं आणि झाडाला आपल्या मनातलं कळतं असं जाहीर केलं, ते इथे कोणी आणायच्या आत सांगते: नंतर काळजीपूर्वक केलेल्या प्रयोगांत तसं काही आढळलं नाही. पन्नास वर्षं झाली तरी वर्गात दर वर्षी कोणीतरी विचारायचं.

---

करीरोडची_माळीण
२२ जून, रात्री १०.५०

उशीर झाला, पण आता सांगण्यासारखं आहे.

मामांना सगळं समजावलं. पंख्याच्या पात्याचं उदाहरण त्यांना लगेच पटलं. म्हणाले, साच्यावर पण असंच व्हायचं, एकाचा ठोका दुसऱ्याच्या ठोक्यात मिसळला की तिसराच साचा चालल्यासारखा वाटायचा, मग जॉबर (खात्यातला मुकादम) एकेक साचा बंद करून बघायचा. स्पंजला ते आता "बंद साचो" म्हणतात.

चांदीची तार आणली. सोनाराने विचारलं, कशाला? झाडाला म्हटल्यावर त्याने टोकं स्वतः घासून गोल करून दिली. कपॅसिटर आणि सरासरी दोन्ही केलं. स्पंजवर आता सूर बसल्या जागी स्थिर असतो.

त्यानंतर एक नवीन खोड निघाली. जवळजवळ दर सेकंदाला बारीक टिक्. ईएसपी ब्लूटूथवर पाठवताना एकदम जास्त प्रवाह ओढतं, तेवढ्यापुरता सेलचा दाब दबतो आणि तो धक्का वर्धकात शिरतो. वर्धकाला वेगळा रेग्युलेटर दिला, ईएसपीजवळ ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, टिक् गेली.

फोन स्वयंपाकघरात नेला की मध्येच तुटायचं आणि ॲप पुढचा भाग मागच्याला चिकटवून टाकायचं, त्यामुळे ठोका आल्याचा भास व्हायचा. आता प्रत्येक पाकिटात नऊ मोजमापं आणि दोन बाइटचा क्रमांक आहे, एकूण वीस बाइट, साध्या ब्लूटूथ पाकिटात बरोबर मावतात. क्रमांक गाळला गेला की ॲप तिथे शांतता ठेवतं आणि डबीकडून राहिलेला भाग मागून घेतं. तासाभराचं मोजमाप ७२,००० बाइटच होतं, ईएसपीच्या स्मृतीत आरामात बसतं. मामांच्या फोनमध्ये बॅटरी वाचवायची सोय या ॲपपुरती बंद करावी लागली, नाहीतर पडदा काळा झाला की रेकॉर्डिंग थांबायचं.

सुराचं: मी आधी ४४० हर्ट्झपासून वर जाणारा ठेवला होता. मामांच्या कानांना तो वर गेला की हरवायचा. आता २२० ला स्थिर असतो, आणि १० मिलिव्होल्टला एक सप्तक खाली किंवा वर. फार वर जाऊ देतच नाही.

आई म्हणते दिवेलागणीनंतर झाडाला हात लावू नये, झाडं झोपतात. म्हणून तारा पाच वाजताच बांधते. तुळशीला मात्र मामांनी तार लावू दिली नाही आणि मीही आग्रह धरला नाही.

---

पानफुटी
२३ जून, सकाळी ८.१५

आईंना सांगा की लाजाळूपुरतं तरी ते शब्दशः खरं आहे. संध्याकाळ झाली की ती पानं मिटते. १७२९ मध्ये द मेरां या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने तिला दिवसरात्र काळोखात ठेवून पाहिलं, तरी पानं वेळेवर उघडत आणि मिटत राहिली. तिच्या आतच घड्याळ आहे. प्रयोग सकाळी नऊ-दहाला करा, तेव्हा पानं पूर्ण उघडलेली असतात.

आणि बोटाने दाबू नका, तार हलते. बर्फाच्या पाण्याचा एक थेंब पानाच्या टोकाकडे टाका. जखम होत नाही आणि ठोका स्वच्छ येतो. एकदा झाल्यावर पंधरा-वीस मिनिटं तिला विसावू द्या.

---

करीरोडची_माळीण
२८ जून, दुपारी १२.४०

आज रविवार. पाऊस थांबला होता. पंखा बंद केला, खिडकीच्या फटीला टॉवेल लावला, कुंडी टेबलावर घेतली. आधी स्पंज, दहा मिनिटं. सूर स्थिर. मग लाजाळू, दहा मिनिटं. सूर जवळजवळ स्थिर, अगदी मंद सरकणारा.

मामांच्या डोळ्यांत रोज घालायच्या औषधाची रिकामी बाटली धुऊन ठेवली होती, तिच्यात बर्फाचं पाणी भरलं. मी त्यांचा हात धरून बाटलीचं टोक पानावर आणलं. त्यांनी दाबलं, थेंब पडला. त्यांच्या अंगठ्याखालची बाटली दबलेलीच होती, सोडायचं विसरले. एक, दोन, तीन. सूर खाली घसरला, बराच खाली, आणि रेंगाळत वर येऊ लागला. तेवढ्यात देठ मोडल्यासारखा खाली झुकला, तो मी पाहिला. मामांनी पाहिला नाही, पण सूर खाली गेला त्याच क्षणी म्हणाले, "मिटला."

नंतर खूप वेळ बोलले नाहीत. मग विचारलं, थेंब पडला तिकडे आणि आवाज झाला इकडे, मधल्या वेळात ता खय होता?

मी सांगितलं, देठातून येत होता.

पंधरा मिनिटांनी परत केलं, मग परत. चार वेळा. चारही वेळा त्यांनी ओळखलं. पाचव्यांदा मी थेंब न टाकताच टाकला म्हटलं, तेव्हा बराच वेळ कान देऊन म्हणाले, नाय टाकलस.

---

आवाजघर
२८ जून, दुपारी १.१०

त्या पाचव्या वेळेचं रेकॉर्डिंग पुसू नका. सगळ्यात मोलाचं तेच आहे.

---

लॅमिंग्टन_फेरी
२८ जून, दुपारी २.००

मामांना माझा नमस्कार सांगा. पावसाळ्यात एक काळजी घ्या, मुंबईच्या दमट हवेत सर्किटवरच ओल बसते आणि वर्धकाच्या दोन पायांमधून प्रवाह गळतो. सोल्डरिंग ब्रशने स्वच्छ करून वर पारदर्शक नेलपॉलिशचा हात द्या, डबीत सिलिका जेलची पुडी टाका. पानावर पावसाचं पाणी असेल तेव्हा रेकॉर्डिंग नकोच.

---

करीरोडची_माळीण
५ जुलै, रात्री ९.२५

मामांचा "खय होता" डोक्यातून जाईना. दुसरा आयएनए ३३३ आणला, एडीएसमध्ये दोन जोड्यांना जागा आहेच. त्याच देठावर तीन सेंटिमीटर अंतरावर चांदीचे दोन वेढे दिले. टोकाकडचा सूर हेडफोनच्या डाव्या कानात, बुडाकडचा उजव्या कानात. दोन्ही सूर वेगळे ठेवले, म्हणजे गोंधळ नको.

आज सकाळी साडेनऊला थेंब टाकला. डावा सूर घसरला, आणि साधारण सव्वा सेकंदाने उजवा.

मामांनी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरले होते. त्यांची मान डावीकडून उजवीकडे वळली, हातमागाजवळ उभं राहिलेल्या माणसाची वळते तशी. म्हणाले, "धोटो गेलो." धोटा म्हणजे मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावतो तो.

आता त्यांना तो परत येतो का ते ऐकायचं आहे. पानफुटीताई, बुडाकडून टोकाकडे संकेत पाठवायचा असेल तर थेंब नेमका कुठे टाकू?

---

पानफुटी
५ जुलै, रात्री १०.०५

देठाच्या बुडाशी, सांध्याच्या अगदी वर. सांध्यावर पडू देऊ नका. दोन्हीकडे जातो तो. उजवा कान आधी बोलला पाहिजे. उद्या सकाळी करून लगेच लिहा, मी वाट बघते.